सातव्या रेघेपाशी

मे महिन्यात, साडेआठच्या सुमाराला,
आमच्या गल्लीत दिवे मालवतात.
समोरची मिसेस ओडेल पोर्चवरून ओरडते, "आल्या!"
आणि न्यू ऑर्लिन्सच्या या कोपऱ्यातली अख्खी ओळ काळीठिक्कर.
फक्त नाक्यावरचा सरकारी खांब जळत राहतो,
त्याच्याखाली कुणी उफणत असावं
आणि कोंडा खाली बसतच नसावा, तसं.

पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं.
चिपळूणला करायचो तसं मी
दिव्याखाली परातीत पाणी ठेवलं.
सकाळी परात भरलेली. पण खिडकीच्या कडेला
नुसतेच पंख,
कांद्याच्या पापुद्र्यासारखे, सगळे एका मापाचे.
पंख टाकून त्या गेल्या कुठे,
हे विचारायचं सुचलं नाही. झाडून टाकले.

सुचलं ते चार वर्षांनी.

एव्हरेट ग्विलरी. गुडघ्यांना पॅड, खिशात स्क्रू ड्रायव्हर.
घराकडे तो कलिंगड घेणाऱ्यासारखा बघतो:
टिचकी, कान. टिचकी, कान.
बाहेर, एसीचा पाइप ठिबकतो तिथं,
पायाच्या विटांवरून चढलेली
पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी.
त्यानं मधला तुकडा मोडला. आत पांढरी धावपळ.
"रिकामी असती तरी खूश होऊ नका," म्हणाला,
"त्या वाट बदलतात, घर नाही."

मग मधल्या खोलीचं दार.
तिथं चौकटीवर निनादच्या उंचीच्या रेघा,
दर वाढदिवसाला डोक्यावर पुस्तक ठेवून ओढलेल्या,
तिसरा, चौथा, पाचवा (यात त्यानं टाचा उचलल्या होत्या).
सातव्या रेघेपाशी एव्हरेटची टिचकी थांबली.
"दाबू का?"
मी हो म्हटलं.
स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला,
टम्म पुरीत बोट जावं तसा.
लाकूड नव्हतंच. रंगाचा एक थर उभा होता
आणि त्यावर माझं अक्षर.

मी रूपक शोधत नव्हते.
मी आकडा ऐकत होते: तीन हजार दोनशे,
आणि विम्यात वाळवी बसत नाही.

आधी गळती बंद केली. मग दोन दिवस
घराच्या कडेनं हातभर अंतरावर भोकं,
त्यांत औषध, वर सिमेंट.
मग अंगणात हिरवी झाकणं, दर दहा फुटांवर एक,
खाली आमिष.
"विष?" निनादनं विचारलं.
एव्हरेट उकिडवा बसला. म्हणाला, खाल्लं की लगेच काही होत नाही.
त्या ते घरी नेतात. तोंडातून तोंडात भरवतात,
पिल्लांना, राणीला.
मग कात टाकायची वेळ येते
आणि कात निघत नाही.

कात हा शब्द अर्थात माझा.
तो मी निनादला समजावत बसले: साप,
आणि माणसानं कात टाकली म्हणजे काय ते.
तो म्हणाला, "म्हणजे एकमेकींना भरवतात म्हणून मरतात?"
एव्हरेटला मराठी येत नाही.
तरी तो माझ्याकडे बघत राहिला, उत्तरासाठी.
मी म्हटलं, झाकण घट्ट लाव.

सुतारानं चौकट कापून माझ्या हातात दिली.
रविवारच्या पेपरहून हलकी.
फोटो काढायचा राहिला,
मंगळवारी कचऱ्याची गाडी आली.
नव्या चौकटीला औषध पाजलेलं आहे, अजून वास येतो.
निनाद चौदाचा. मोजून घेत नाही.

ऑगस्टमध्ये एव्हरेटनं एक झाकण उघडलं,
आमिष अर्धं संपलेलं. "जेवताहेत," म्हणाला,
आणि वहीत खूण केली.

यंदाचा मे. "आल्या!"
दिवा मालवून आम्ही पायरीवर बसतो.
अंधारात निनाद कुठवर आलाय ते कळत नाही.
माझ्या दंडावर काहीतरी उतरतं,
खांदे झटकल्यासारखं करतं,
पंख तिथंच ठेवतं
आणि चालू लागतं.